घरात साठलेल्या स्वस्तातल्या बॅटऱ्यांचं करायचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या देवगड-राजापूर पट्ट्यात टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि तिच्या पोटात घालतात ते सेल. खालीही तसंच लिहिलं आहे, मुंबईकरांनी गोंधळू नये. दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी घर झाडताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत तेवीस बॅटऱ्या निघाल्या. नवे सेल घातल्यावर अकरा पेटल्या, पाच साफसफाईनंतर पेटल्या आणि सात गेल्या त्या गेल्याच. ही गोष्ट वाडीत पसरली. तेव्हापासून ज्याच्या घरी बॅटऱ्यांची रास आहे तो येऊन मलाच विचारतो. तेच प्रश्न इथे घेतले आहेत.

पण इतक्या बॅटऱ्या जमतात कशा?

जत्रेत पोरं हट्ट करतात. चाकरमानी येताना ‘गावाला लागेल’ म्हणून दोन घेऊन येतो आणि जाताना इथेच ठेवून जातो. मिक्सरवर एक फुकट, छत्रीवर एक फुकट. एक बंद पडली की दुरुस्त करण्यापेक्षा नवी स्वस्त पडते, आणि जुनी टाकायला जीव होत नाही. आमच्या काकीच्या भाषेत, ‘टाकूक कित्याक व्हयी, असानी थंयच!’ म्हणजे टाकायची कशाला, असू दे तिथेच.

ढीग समोर आहे. सुरुवात कुठून करू?

सगळ्यांतले सेल काढा. उपयोग काय करायचा ते नंतर.

सेल आत राहिले की पावसाळ्यात पाझरतात. आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि बाकीचे महिने खारी हवा, त्यामुळे जे काम घाटावर तीन वर्षांत होतं ते इथे एका चातुर्मासात उरकतं. स्प्रिंगवर पांढरी किंवा हिरवट बुरशीसारखी पूड दिसली की समजावं सेल फुटला आहे. ती पूड बोटाने खरवडू नका आणि हात डोळ्यांना लावू नका.

अल्कलाइन सेलमधून पाझरतं ते क्षार, पोटॅशियम हायड्रॉक्साइड. ते मारायला आंबट लागतं: कापूस काडीला गुंडाळून लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवायचा आणि स्प्रिंगवर फिरवायचा. थोडं फसफसतं, मग पूड सुटते. साध्या स्वस्त सेलमधून (झिंक-कार्बनचे, पत्र्याच्या वेष्टणाचे) जे पाझरतं ते आम्लाकडे झुकणारं असतं, तिथे खायच्या सोड्याची पातळ पेस्ट बरी. नंतर ओल्या फडक्याने पुसून उन्हात कडकडीत वाळवायचं आणि स्प्रिंग बारीक पॉलिश पेपरने घासायची. पाच बॅटऱ्या मी अशाच जिवंत केल्या.

एक चूक माझ्याकडून झाली, ती सांगतो. लिंबू नव्हतं म्हणून कोकमाचं आगळ लावलं. आंबटच तर आहे! पण आगळात मीठ असतं हे डोक्यातच आलं नाही. स्प्रिंग त्या दिवशी चकचकीत झाली आणि आठवड्याभरात तांबड्या गंजाने खाल्ली. आगळ सोलकढीला ठेवा.

मागचं झाकण फिरतच नाही. काय करू?

ॲल्युमिनियमच्या बॅटरीत आट्यांमध्ये पांढरी पूड धरते आणि झाकण जाम होतं. मागचा भाग पाच मिनिटं गरम पाण्यात धरा. मग सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा झाकणाला गुंडाळून पिळा. पक्कड शेवटी, कारण हा पत्रा इतका पातळ असतो की पकडीने चेपला की मग झाकण कधीच निघत नाही. उघडलं की आट्यांना व्हॅसलीनचं बोट लावा. खोबरेल लावू नका, थंडीत गोठतं आणि धूळ धरतं.

बरं, साफ झाल्या, पेटतायत. आता या सोळा-सतरा बॅटऱ्यांचा उपयोग काय?

बॅटरी म्हणूनच. बॅटरीला रंग देऊन शोभेचा दिवा, फुलदाणी, असलं बरंच सुचवतात लोक. ते करून बघितलं तर धूळ खाणारी आणखी एक वस्तू घरात वाढते.

स्वस्त बॅटरीचा खरा दोष असा की ती भरवशाची नसते. एकच बॅटरी घेऊन खाडीपलीकडे जायचं असेल तर ती नको. पण काळोखात तिच्यापर्यंत पोचायला दोन पावलं लागत असतील आणि तिच्याकडून दोन मिनिटांचं काम हवं असेल, तर ती पुरेशी आहे. म्हणून बॅटरी माणसाला देण्याऐवजी जागेला द्यावी. घरात जिथे जिथे काळोखात हात चाचपडतो, तिथे तिथे एक खिळा आणि एक बॅटरी. तिथून ती हलवायची नाही.

आमच्याकडच्या जागा सांगतो. न्हाणीकडे जाणाऱ्या मागच्या दाराला एक. मीटरच्या पेटीशी एक, कारण लाइट जाते तेव्हाच फ्यूज बघायचा असतो. गोठ्याच्या आढ्याला एक; गाय रात्री दोनला व्यायला लागली तेव्हा तीच कामाला आली. पंपाच्या खोलीत एक. कलमातल्या मांगरात (बागेतल्या खोपीत) दोन, कारण आंब्याच्या दिवसांत राखणीला माणसं असतात आणि एक नेहमी हरवते. खळ्याच्या (अंगणाच्या) कडेला, चपला ठेवतो तिथे एक. ही शेवटची सगळ्यांत महत्त्वाची. फुरसं (विषारी साप) वीतभर लांबीचं, मातीच्या रंगाचं, आणि आपल्या जांभ्या दगडाच्या सड्यावर, गडग्यात मुबलक. काळोखात ते पायाखाली आलं की चावतं. चपलेत पाय घालण्याआधी चपलेत उजेड पाडायचा एवढीच सवय लावली तरी बॅटरीचे पैसे वसूल.

सेल आत ठेवले तर पाझरतील, काढले तर ऐनवेळी सापडणार नाहीत. मग?

सेल आतच ठेवा, पण एका सेलच्या टोकाशी जाड कागदाची पट्टी सरकवा. जुन्या कॅलेंडरचा कागद चांगला. पट्टीचं टोक झाकणातून बाहेर राहू द्या. ओढली की बॅटरी तयार. कुठे पट्टी बसत नसेल तर सेल पिशवीत घालून बॅटरीलाच रबराने बांधा. आणि प्रत्येक अमावस्येला एक फेरी मारून सगळ्या पेटवून बघा. अमावास्या लक्षात राहते, पहिली तारीख राहत नाही.

खुडूक कोंबडीखालची अंडी बॅटरीने बघतात म्हणे. खरं का?

खरं, आणि या कामाला नऊ एलईडीची ती बुटकी बॅटरी अगदी मापात बसते. तिचं तोंड साधारण अंड्याच्या रुंद टोकाएवढंच असतं.

कोंबडी बसवल्यापासून सातव्या-आठव्या रात्री बघायचं. स्वयंपाकघरातला दिवा पूर्ण घालवा. कोंबडीखालून एक अंडं काढा, रुंद टोक बॅटरीवर टेकवा आणि मूठ अशी वळवा की बाजूने उजेड निसटणार नाही. अंडं आतून नारिंगी पेटतं. जिवंत असेल तर मधे एक काळा ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा पसरलेल्या दिसतात. ठिपका कधी कधी हलतो. नुसताच सारखा पिवळट उजेड दिसला तर अंडं पोकळ, म्हणजे फळलेलं नाही. शिरा नाहीत पण लाल कडं दिसतंय, तर जीव धरून गेलेला आहे. गावठी अंड्याचं कवच तांबूस, त्यामुळे पहिल्या दोन-तीन अंड्यांत काहीच कळत नाही. मी पहिल्या वेळी एक चांगलं अंडं पोकळ समजून बाजूला काढलं. शंका असेल ते अंडं परत कोंबडीखाली ठेवा आणि तीन दिवसांनी पुन्हा बघा. एकेका अंड्याला काही सेकंदच घ्या, आणि अठराव्या दिवसानंतर हात लावू नका. एकविसाव्या दिवशी पिल्लं आपणच टोच मारतात.

पोकळ अंडी वेळेत काढली नाहीत तर ती कोंबडीखाली कुजून फुटतात. तो वास ज्याने घेतला आहे त्याला ही बॅटरी सोन्याची वाटेल.

वादळात लाइट जाते तेव्हा यांचा काही उपयोग?

11 नोव्हेंबर 2009 चं फयान, 3 जून 2020 चं निसर्ग, मे 2021 चं तौक्ते. निसर्गानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीत कित्येक गावं आठवडेच्या आठवडे काळोखात होती. अशा वेळी मोबाइलचा टॉर्च वापरणं म्हणजे फोन मारणं. फोन बोलायला राखा आणि उजेडाला या बॅटऱ्या काढा.

सगळीकडे सांगतात की बॅटरी उभी ठेवा, उजेड छताला आपटून खोलीभर पसरतो. स्लॅबच्या घरात पसरतो. कौलारू घरात तो वाशांमध्ये जाऊन हरवतो आणि खाली काळोख तसाच. त्यासाठी बॅटरीचं तोंड झाकावं लागतं. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, पांढरी बाजू वर करून रबराने तोंडावर बांधा. किंवा बॅटरी पेल्यात उभी करून तिच्यावर पाण्याची लीटरभराची बाटली ठेवा. पाण्यात चमचाभर दूध टाकलंत तर बाटली सगळीच पांढरी उजळते. जेवणं होतात तेवढ्यात.

तीन बारक्या सेलवरची बॅटरी दोन-तीन तास नीट चालते. नंतर रात्रभर मिणमिणत राहते, आणि ती मिणमिणही न्हाणीची वाट दाखवायला पुरते, म्हणून अर्धे झालेले सेल टाकू नका. फक्त जुने आणि नवे सेल एका बॅटरीत घालू नका, जुना आधी पाझरतो.

माझ्याकडे मागे पिना असलेली, थेट प्लगात लावायची चार्जिंगची बॅटरी आहे. ती?

तिच्यापासून जपून. यातल्या बऱ्याच स्वस्त बॅटऱ्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो. एका कपॅसिटरने 230 व्होल्ट खाली आणतात आणि बाकीचं सर्किट थेट लाइनशी जोडलेलं राहतं. म्हणजे ती प्लगात असताना आतली कुठलीही तार शॉक देऊ शकते. मी एकदा ‘बघू तरी चार्ज होते का’ म्हणून झाकण काढूनच प्लगात घातली आणि हात खांद्यापर्यंत झणझणला. बायको म्हणाली, ‘अहो, आता तुम्हीच चार्ज झालात.’

पावसाळ्यात ओल्या हाताने ती लावू नका. फुटलेल्या बॉडीची असेल तर अजिबात नाही. आणि वर्षभर चार्ज न करता ठेवली असेल तर तिच्यातला चार व्होल्टचा शिशाचा सेल मेलेला असतो. रात्रभर प्लगात ठेवून तो उठत नाही.

सेलचा खर्च नको. जुन्या मोबाइल चार्जरवर नऊ एलईडीची बॅटरी चालेल?

चालेल, पण थेट जोडू नका. पांढऱ्या एलईडीला साधारण 3.2 व्होल्ट लागतात, चार्जर 5 देतो. तीन सेलचे साडेचार व्होल्ट होतात तरी एलईडी जळत नाहीत, कारण बारक्या सेलला स्वतःचाच अडथळा असतो. चार्जरला तो नसतो. मधे 15 ओमचा, अर्ध्या वॅटचा रेझिस्टन्स टाका. नऊ एलईडी मिळून सव्वाशे मिलीॲम्पियरच्या आत राहतात, गरम होत नाहीत. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे असा रेझिस्टन्स चहाच्या पैशांत मिळतो. देव्हाऱ्यात किंवा गणपतीच्या मखरात मागून उजेड द्यायला ही जोडणी झकास. समोर पिवळा जिलेटीन कागद लावा, नाहीतर तो निळसर पांढरा उजेड मूर्तीच्या चेहऱ्याला मारतो. निळसर का, तर पांढरा एलईडी मुळात निळाच असतो आणि त्यावर पिवळी पूड बसवलेली असते. हा निळा एलईडी साधण्यासाठीच अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. वीस रुपयांच्या जत्रेतल्या बॅटरीत नोबेल आहे, हे मला अजून गमतीचं वाटतं.

मुलांना खेळायला देऊ का?

पेन्सिल सेलची द्या. किल्लीच्या जुडग्याची, बटनासारख्या सेलची कधीच देऊ नका. तो सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतो. तसं झाल्याचा संशय जरी आला तरी वाट न बघता सरळ दवाखाना गाठा.

मोठ्या मुलांना एक खेळ दाखवा. खळ्यात रात्री बॅटरी कपाळाशी, डोळ्यांच्या अगदी जवळ धरायची आणि गवतावर उजेड फिरवायचा. दवाचे थेंब चमकल्यासारखे हिरवट ठिपके दिसतात. त्यातल्या एका ठिपक्यावर नजर ठेवून हळूहळू पुढे जा. थेंब पळतो! ते कोळ्याचे डोळे. बॅटरी कमरेजवळ धरली तर एकही दिसत नाही, कारण डोळ्यांतून परतणारा उजेड आला तसाच मागे जातो.

मिरगाच्या पावसात कुर्ल्यांना (खेकड्यांना) आणि चढणीच्या माशांना जाताना ही पुरेल?

एकटी नाही. पूर्वी चुडती (सुक्या झावळ्या) पेटवून जायचे, मग गॅसबत्ती आली, आता डोक्याला बांधायच्या बॅटऱ्या. स्वस्तातली पाणी आत घेते आणि नेमकी व्हाळात (ओढ्यात) गुडघाभर पाण्यात असताना विझते. दुसरी म्हणून खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, परतीच्या वाटेला. अंड्याची कुर्ली उजेडात दिसली तर सोडून द्या, पोट उलटं करून बघायला दोन सेकंद लागतात.

हीसुद्धा एलईडी मासेमारीच झाली ना? तिच्यावर बंदी आहे.

हे कोणी ना कोणी दर वर्षी विचारतं. बंदी आहे ती समुद्रात जनरेटर लावून प्रखर दिव्यांनी मासळी गोळा करून घेरण्यावर. केंद्र सरकारने 2017 सालीच ती घातली आहे, आणि पारंपरिक मच्छीमारांचा राग त्याच दिव्यांवर आहे. व्हाळातल्या तुमच्या बॅटरीवर नाही.

किनाऱ्यावर रात्री नेऊ का?

कासवांच्या दिवसांत नको. वेळास, आंजर्ले आणि पुढे खाली सिंधुदुर्गापर्यंतच्या वाळूत ऑलिव्ह रिडले येतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने धावतात. समुद्राचा उजळपणा हीच त्यांची खूण. पांढरी बॅटरी दिसली तर ती सुरूच्या बनाकडे वळतात. चालायला उजेड हवाच असेल तर काचेवर लाल जिलेटीनचे दोन-तीन पदर लावा आणि तोंड पायाकडे ठेवा.

विहिरीत पडलेली कळशी दिसेल का? आंब्यातला साका (आतून खराब झालेला गर)? फळमाशी येईल का उजेडाला?

तिन्हींचं उत्तर नाही. विहिरीसाठी दुपारी आरसा घ्या आणि ऊन आत सोडा, तळाची शेवाळ मोजता येईल इतकं स्वच्छ दिसतं. साका बाहेरून उजेड टाकून कळत असता तर बागायतदार इतका कावला नसता. फळमाशीला उजेड नको, वास हवा. तिच्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा आहे. कलमाच्या खोडातली भिरुडाची (खोड पोखरणाऱ्या किडीची) भोकं मात्र बारीक तोंडाच्या बॅटरीने छान दिसतात, आणि टाकीतल्या डासांच्या अळ्याही: उजेड पडला की वळवळत खाली जातात.

जास्तीच्या कोणाला देऊन टाकू?

चालते तीच द्या, नवे सेल घालून. बंद पडलेली बॅटरी गरिबाला देणं म्हणजे आपला कचरा त्याच्या दारात टाकणं. आमच्याकडच्या दोन मुक्कामाच्या गाडीच्या ड्रायव्हर-कंडक्टरना दिल्या, एक पहाटे दूध घालणाऱ्या मुलाला, एक पलीकडच्या वाडीतल्या आजीला. आजीने दुसऱ्या दिवशी परत पाठवली. बटण तिच्या बोटाला दाबेना. मग सरकत्या बटणाची शोधून दिली. म्हाताऱ्या माणसाला देताना बटण आधी बघा.

ज्या खरंच गेल्या त्या कुठे टाकू?

सातांमधून मी स्प्रिंगा, काचा, दोन चांगली बटणं आणि एक परावर्तक काढून घेतला. ॲल्युमिनियम भंगारवाल्याकडे गेलं. शिशाचा सेलही तो वजनावर घेतो. बाकी सेल नारळाच्या मुळात पुरू नका आणि पातेऱ्याबरोबर (पालापाचोळ्याबरोबर) जाळू नका, लिथियमचे तर मुळीच नाही, ते फुटतात. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत सगळ्या प्रकारचे सेल येतात आणि ते परत घेण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर आहे, पण आपल्या वाडीपर्यंत ती जबाबदारी चालत यायची आहे. तोवर झाकणाच्या कोरड्या बरणीत साठवा, लिथियमच्या टोकांना चिकटपट्टी लावा, आणि शहरात जाणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीत बरणी घाला. त्याने बॅटऱ्या आणल्या, त्यानेच सेल न्यावेत.

आजोबांची पितळी, तीन मोठ्या सेलची बॅटरी आहे. तीही या ढिगात?

ती का म्हणून? बल्ब गेला असेल तर त्याच आट्यांचा एलईडी बल्ब मिळतो, सेलची संख्या सांगून घ्या. चिंचेने घासा, पुसा, आणि पडवीत टांगा. आमची अजून अर्ध्या वाडीवर उजेड टाकते.